टर्कीसाठी शॉटगनचं काडतूस कसं निवडायचं: अमेरिकेत नव्याने शिकार शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी

अमेरिकेत स्प्रिंग टर्कीचा सीझन बहुतेक राज्यांत एप्रिल-मेमध्ये असतो, फ्लोरिडात तर मार्चमध्येच सुरू होतो, आणि त्याच्या थोडं आधी आपल्यातले नवीन लोक दुकानात काडतुसांच्या रॅकसमोर उभे राहून गोंधळतात. डबे पन्नास प्रकारचे, प्रत्येकावर पिसारा फुलवलेला टर्की, आणि लिहिलेलं काय तर मॅग्नम, लाँग रेंज, अल्ट्रा अमुक. मग कोणी सगळ्यात स्वस्त उचलतो, कोणी सगळ्यात महाग, आणि थेट जंगलात जातो. माझं या बाबतीत मत एकदम पक्कं आहे. काडतूस डब्यावरून निवडायचं नसतं, अंतरावरून निवडायचं असतं. तुमची बंदूक, तुमचा चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचा आवळ तुकडा) आणि ते काडतूस असे तिघं मिळून किती यार्डांपर्यंत टर्कीच्या डोक्या-मानेत खात्रीने पुरेसे छर्रे, म्हणजे काडतुसातल्या बारीक गोळ्या, घालतात, हे कागदावर गोळी झाडून बघायचं, तो आकडा मनात पक्का करायचा, आणि त्याच्या पलीकडे पक्षी कितीही मोठा असला तरी चाप ओढायचा नाही. पक्षी जागच्या जागी मेला पाहिजे, जखमी होऊन झाडीत जाऊन दोन दिवस तडफडत मरता कामा नये. पुढचं सगळं यासाठीच आहे.

आधी कायद्याचं बघा, हे वगळू नका

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घरातून याचं काहीच शिक्षण नसतं, आजोबांच्या बारा बोअरच्या गोष्टी तेवढ्या ऐकलेल्या असतात. इथे शिकार कायदेशीर आहे पण मोकाट नाही. तुम्ही एच-वन किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. लायसन्स संपलं की अपवादही संपला, म्हणजे कपाटातला अर्धा डबासुद्धा गुन्हा ठरू शकतो. मित्राची बंदूक दोन तासांसाठी हातात घेतली तरी नियम तोच. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडथळा नाही. शंका असेल तर वकिलाला पैसे देऊन विचारा, रेंजवरच्या ओळखीच्या माणसाच्या तोंडी सल्ल्यावर व्हिसा पणाला लावू नका.

दुसरं, हंटर एज्युकेशनचा कोर्स. जवळजवळ सगळ्या राज्यांत लागतो, टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागू आहे, बराचसा ऑनलाइन होतो, काही राज्यांत एक दिवस मैदानावर जावं लागतं. कंटाळा न करता करा, चांगला असतो.

आणि तिसरं म्हणजे काडतुसाशी थेट संबंध असलेले नियम. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीसाठी लीडचे म्हणजे शिशाचे छर्रे चालत नाहीत, त्यामुळे फ्रीमाँट-सॅन होजेकडच्या लोकांनी खाली लीडबद्दल जे लिहिलंय ते फक्त तुलनेसाठी वाचा. अनेक राज्यांत छर्र्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा नंबर, म्हणजे आकार, ठरवून दिलेला असतो, म्हणजे दुकानात मिळतं म्हणून ते तुमच्या राज्यात चालेलच असं नाही. दर वर्षीचं नियमांचं पुस्तक राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर फुकट असतं, त्यातलं टर्कीचं पान खरेदीच्या आधी वाचायचं, आणि दर वर्षी नव्याने वाचायचं.

पक्षी समजून घ्या, म्हणजे काडतूस आपोआप समजतं

मोठा नर टर्की, ज्याला इथे टॉम किंवा गॉब्लर म्हणतात, साधारण सात ते अकरा किलोचा असतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला बघून नवीन माणसाला वाटतं की अंगावर नेम धरला की झालं. पण अंगावर जाड पिसं, खाली भरघोस छातीचा स्नायू, पंखांची मजबूत हाडं. शॉटगनचे बारीक छर्रे त्यात घुसून थांबतात, पक्षी उडून किंवा पळून जातो आणि नंतर कुठेतरी मरतो. टर्की पळतोही जबरदस्त, जखमी टर्की झाडीत शिरला की सापडणं फार अवघड. म्हणून शॉटगनने टर्की मारायचा तो फक्त डोक्यात आणि मानेत. मेंदू आणि मानेचे मणके, एवढंच लक्ष्य. हे लक्ष्य आहे इवलंसं, शिवाय सतत हलणारं, आणि यातून काडतुसाकडे आपल्या दोन मागण्या येतात: एक म्हणजे छर्रे दाट पडले पाहिजेत, म्हणजे त्या बारीक जागेत काही तरी नक्की लागेल, आणि दुसरी म्हणजे प्रत्येक छर्र्यात मणक्यापर्यंत, कवटीच्या आतपर्यंत घुसायची ताकद पाहिजे. दाटी आणि घुसण्याची ताकद. या दोघांची ओढाताण असते कारण छर्रा मोठा केला तर ताकद वाढते पण संख्या कमी होते.

डोक्यात मारल्याचा दुसरा फायदा ताटात दिसतो. छातीचं मांस स्वच्छ राहतं, दाताखाली छर्रे येत नाहीत आणि शिसं पोटात जात नाही. (जंगली टर्कीची तंगडी दुकानातल्या टर्कीपेक्षा खूप चिवट असते, ती कुकरमध्ये नीट शिजवून वाटणाचा रस्सा करा, लोक उगीच फेकून देतात ते बघून वाईट वाटतं.)

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

डब्यावर चार-पाच गोष्टी असतात. पहिली गेज. १२ गेज म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, २० गेज हे १२ पेक्षा बारीक. फोर-टेन मात्र गेज नाही, ते थेट नळीचं माप आहे, ०.४१० इंच.

दुसरी काडतुसाची लांबी: पावणेतीन इंच, तीन इंच, साडेतीन इंच. इथे सुरक्षिततेचा मुद्दा आहे. तुमच्या बंदुकीच्या नळीवर जी लांबी कोरलेली आहे तिच्यापेक्षा लांब काडतूस कधीही घालायचं नाही, तीन इंची चेंबरमध्ये (नळीचा काडतूस बसतो तो मागचा भाग) साडेतीन इंची काडतूस कधीकधी बसतं सुद्धा, पण उडताना उघडायला त्याला जागा नसते आणि दाब धोकादायक वाढतो. याहून भयंकर म्हणजे १२ आणि २० गेजची काडतुसं एकाच खिशात ठेवणं. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, माणसाला वाटतं बंदूक रिकामी आहे, तो वरून १२ चं घालतो आणि झाडतो आणि नळी फुटते. २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. घरात दोन्ही गेज असतील तर पिशव्या वेगळ्या ठेवा, यात तडजोड नको.

तिसरा आकडा छर्र्यांचं एकूण वजन, औंसात. १२ गेजच्या तीन इंची टर्की काडतुसात साधारण पावणेदोन ते दोन औंस भरतात. चौथा म्हणजे छर्र्याचा नंबर, आणि हा उलटा चालतो, नंबर मोठा तसा छर्रा बारीक. एक सोपी युक्ती आहे, १७ मधून नंबर वजा करा, येईल तेवढे शतांश इंच त्याचा व्यास. म्हणजे ५ नंबर: १७ वजा ५, १२, म्हणजे ०.१२ इंच. ९ नंबर ०.०८ इंच. लीडच्या एका औंसात ४ नंबरचे सुमारे १३५ छर्रे बसतात, ५ चे १७०, ६ चे २२५.

शेवटचा आकडा वेग, फूट पर सेकंद मध्ये, टर्कीच्या काडतुसांत साधारण १००० ते १३००. नवीन लोक याच्यावर फार भाळतात. गोल छर्रा हवेत वेग झपाट्याने गमावतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी शंभर फूट जास्त असले तरी ४० यार्डांवर फरक थोडाच उरतो, पण खांद्याला धक्का मात्र पूर्ण बसतो आणि बऱ्याच बंदुकांत पॅटर्न, म्हणजे छर्रे लक्ष्यावर पसरून पडतात ती ठेवण, विस्कटतो. माझ्या हिशोबात वेग सगळ्यात शेवटी.

धातूचा हिशोब, हा नीट वाचा

छर्रे लीडचे, स्टीलचे, बिस्मथचे किंवा टंगस्टनचे असतात आणि खरा फरक घनतेचा आहे. स्टील साधारण ७.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, बिस्मथ ९.६ च्या आसपास, लीड ११ च्या थोडं वर, आणि टीएसएस म्हणजे टंगस्टन सुपर शॉट १८ च्या वर. घुसण्याच्या ताकदीचा ढोबळ अंदाज घ्यायचा असेल तर व्यासाला घनतेने गुणा. आपल्यात इंजिनिअर भरपूर आहेत, त्यांना हे लगेच पटेल, वेग साधारण सारखा असेल तर छर्रा किती खोल जाईल हे मुख्यतः त्याच्या समोरच्या क्षेत्रफळामागे किती वजन आहे त्यावर ठरतं, आणि गोल छर्र्यासाठी ते व्यास गुणिले घनता एवढंच उरतं.

करून बघू. लीड ४ नंबर: १३ (शतांश इंचातला व्यास) गुणिले ११.१ म्हणजे १४४. लीड ५: १३३. लीड ६: १२२. आता टीएसएस ९ नंबर: ८ गुणिले १८.१ म्हणजे १४५. बघा, इतका बारीक ९ नंबरचा छर्रा, वजनाला लीडच्या साडेसात नंबरइतकाच, पण घुसतो लीडच्या ४ नंबरच्या तोडीने. आणि औंसात बसतात सुमारे ३६०! लीडच्या ४ नंबरच्या अडीच पटीहून जास्त. दाटी आणि ताकद यांची जी ओढाताण वर सांगितली ती इथे बरीचशी सुटते, आणि टीएसएसची किंमत आहे ती याचीच. ७ नंबरचं टीएसएस १८१ येतं, एका छर्र्याचं वजन लीडच्या ५ नंबरहून किंचित कमी पण ताकद खूप जास्त. ते उत्तमच आहे, पण टर्कीच्या मानेसाठी एवढ्याची गरज पडत नाही, ९ किंवा ८ पुरतं, अर्थात तुमच्या राज्याच्या नियमात बसत असेल तर.

उलट टोकाला स्टील. ४ नंबरचं स्टील: १३ गुणिले ७.८, म्हणजे १०१. लीडच्या ६ नंबरलाही गाठत नाही. स्टील बेकायदा नाही, स्वस्त आहे, पण ते वापरायचं तर २५ यार्डांच्या आतच, आणि नवीन माणसाला मी ते सांगणारच नाही. बिस्मथ ५ नंबर ११५, ४ नंबर १२५, म्हणजे ४ नंबरचं बिस्मथ साधारण लीड ६ च्या बरोबरीचं. कॅलिफोर्नियात टीएसएस परवडत नसेल तर बिस्मथ ४ किंवा ५ घ्या आणि ३० यार्डांच्या आसपास थांबा.

लीड जिथे चालतं तिथे नवीन माणसाने काय घ्यावं? १२ गेज, तीन इंच, पावणेदोन औंस, ५ नंबर. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी यावर टर्की आणलेत. ४ घेतलं तर छर्रे कमी, सुमारे २३५, ६ घेतलं तर सुमारे ३९० पण लांबवर ताकद उणी, ५ मध्ये साधारण ३०० येतात आणि दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. त्यातल्या त्यात तांब्याचा मुलामा दिलेले किंवा विंचेस्टर लाँग बीअर्डसारखे, ज्यात छर्र्यांच्या मधे राळेसारखा पदार्थ ओतलेला असतो, ते चांगले, कारण साधं शिसं मऊ, नळीतून निघताना दबून वेडंवाकडं होतं आणि वेडावाकडा छर्रा भरकटतो.

किंमत सांगायलाच हवी. टीएसएसचा पाच काडतुसांचा डबा ५० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, लीडचा दहाचा डबा त्याच्या निम्म्यातसुद्धा मिळू शकतो. पण सीझनला तुम्ही झाडणार किती, एक, फार तर दोन. म्हणून पैसे असतील तर टीएसएस हा उधळेपणा अजिबात नाही. फक्त ते पैसे जास्त दाट पॅटर्नसाठी द्या, ७० यार्डांवर मारण्यासाठी देऊ नका. लोक टीएसएस घेऊन लांबवरच्या पक्ष्यांवर झाडतात याचा मला मनापासून त्रास होतो, चांगल्या वस्तूने ३५ यार्डांवरचा पक्षी अधिक खात्रीने पडावा, तिने हाव वाढू नये. आणि जाता जाता, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार काडतुसांवर ११ टक्के फेडरल कर असतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो, एके काळी अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांतून टर्की जवळपास संपला होता, तो परत आणण्यात या पैशाचा मोठा हात आहे.

१२, २० की फोर-टेन

पूर्वी उत्तर सोपं होतं, १२. आता तसं राहिलेलं नाही. २० गेजच्या तीन इंची टीएसएसमध्ये दीड औंस भरलेले मिळतात, ९ नंबरचे म्हणजे ५४० च्या आसपास छर्रे, जुन्या १२ गेजच्या लीड काडतुसापेक्षा कितीतरी जास्त. फोर-टेनच्या तीन इंची टीएसएसमध्येसुद्धा २९० च्या वर छर्रे बसतात, म्हणजे १२ गेजच्या लीड ५ एवढे. त्यामुळे अंगाने लहान असाल, खांद्याचा त्रास असेल, घरातली तरुण मुलगी किंवा मुलगा शिकत असेल तर हलकी २० गेज आणि टीएसएस हा माझा पहिला सल्ला. फोर-टेन चालतं पण फक्त टीएसएसबरोबर, आणि आधी पॅटर्न बघून. फोर-टेनमध्ये लीड घालून टर्कीवर जाऊ नका, तेवढ्या थोड्या छर्र्यांत चूक झाकायला जागाच नाही.

साडेतीन इंची १२ गेज नवीन माणसाला मी घेऊ देणार नाही. धक्का इतका बसतो की दोन काडतुसांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि ती सवय महिनोन्‌महिने जात नाही. दहा टक्के जास्त छर्रे आणि डोळे मिटलेला नेमबाज, यात टर्कीचं भलं नाही.

चोक

नळीच्या तोंडाशी बसवायचा आवळ तुकडा म्हणजे चोक, त्याने छर्रे उशिरा पसरतात. सिलिंडर, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड, फुल असा आवळपणा वाढत जातो, ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात यावरून ही नावं, फुल म्हणजे साधारण ७० टक्के. टर्कीसाठीचे खास चोक फुलच्याही पुढे असतात. पण जास्त आवळ म्हणजे जास्त चांगलं असं गणित चालत नाही, प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी असते आणि काही काडतुसं अति आवळ चोकमधून उलट विस्कटलेला, मधे भोकं पडलेला पॅटर्न देतात. बंदुकीबरोबर जो फुल चोक आला असेल त्याच्यावरच आधी बघा, टीएसएसला तर बऱ्याचदा तेवढा पुरतो, नवा चोक नंतर. एक मात्र नक्की तपासा, चोकवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात स्टील आणि टंगस्टनसाठी चालतो असं लिहिलेलं आहे का. हे छर्रे लीडसारखे दबत नाहीत, न चालणाऱ्या चोकमधून झाडले तर चोक आणि नळी दोन्ही खराब होतात. जुन्या, नळीतच चोक असलेल्या बंदुकीत असले कडक छर्रे झाडण्याआधी गनस्मिथला दाखवा.

कागद, इथेच सगळं ठरतं

आता रेंजवर जायचं. सोबत मोठा कागद किंवा पुठ्ठा, तीन फूट बाय तीन फूट तरी, मधे छोटं टर्कीच्या डोक्याचं चित्र (छापील टार्गेट मिळतात, नाही तर हाताने काढा), मार्कर, टेप, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण. रेंजवाल्याला आधी विचारा की टर्की काडतुसं झाडून पॅटर्न बघू देतात का, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळी जागा असते.

पहिले काही बार स्वस्त टार्गेट काडतुसांचे, १५ यार्डांवर, बंदूक बाकावर किंवा वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून. यात पॅटर्न बघायचा नसतो, छर्र्यांचा मध्य आपण जिथे नेम धरला तिथेच पडतोय का ते बघायचं. कित्येक शॉटगन थोड्या वर किंवा बाजूला मारतात आणि उडत्या पक्ष्यावर ते खपून जातं, पण टर्कीच्या आवळ चोकमध्ये चार इंच बाजूला म्हणजे पक्षी जखमी. नेमासाठी नळीच्या टोकाला नुसता साधा मणी असलेल्या बंदुकीवर गाल दस्त्यावरून जरा उचलला गेला तरी बार वर जातो, म्हणून रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) बसवता आला तर बसवा, नवीन माणसाला तो चोकपेक्षाही जास्त उपयोगी पडतो असं माझं मत.

मग खरी काडतुसं. २० यार्डांवर एक, ३० वर, मग ४० वर. प्रत्येक वेळी नवीन कागद, त्यावर अंतर, काडतूस, चोक लिहून ठेवायचं. डोक्याच्या चित्राभोवती १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. जुना, चाललेला नियम असा की त्या १० इंची वर्तुळात किमान १०० छर्रे हवेत. जिथपर्यंत १०० भरतात तिथपर्यंत तुमचा पल्ला. ३० वर १६० आणि ४० वर ८५ आले तर तुम्ही ४० यार्डांचे शिकारी नाही, ३५ चे असाल कदाचित, ३५ वर कागद लावून बघा. आणि नुसती संख्या बघू नका, डोक्या-मानेच्या चित्रावर प्रत्यक्ष किती लागले तेही बघा, आठ-दहा तरी पाहिजेत, आणि वर्तुळात एका बाजूला मोकळा पट्टा पडतोय का ते बघा, तो दर वेळी तिथेच पडत असेल तर काडतूस बदला. एका बारावर निकाल देऊ नका, ज्या अंतरावर तुम्ही थांबणार त्या अंतरावर तीन बार तरी झाडा, आणि त्या तिनांतल्या सगळ्यात वाईट कागदावरून अंतर ठरवा. सगळ्यात चांगला कागद फोटो काढायला बरा असतो, जंगलात कामाला येत नाही.

टीएसएसचे तीन-चार बार म्हणजे खर्च आहे, मान्य. तिथेच काटकसर केली तर बाकी सगळा खर्च वाया.

१०-१२ यार्डांवरसुद्धा एक बार झाडून बघा. आवळ चोकमधून एवढ्या जवळ सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात, म्हणजे जवळ आलेला टर्की सोपा असं नसतं, तो चुकायला जास्त सोपा असतो. २० ते ३५ यार्ड हा सगळ्यात चांगला पट्टा.

तुमच्या कागदाने ५० यार्ड दाखवले तरी पहिल्या काही सीझनला ४० वर थांबा. कागद हलत नाही, श्वास लागलेला नसतो, मधे फांदी नसते.

मैदानात

झाडाला पाठ टेकून बसलात (खांद्यांपेक्षा रुंद झाड, मागून कोणी बार केला तरी आडोसा) की पहिलं काम रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, काढून आजूबाजूच्या झाडांची अंतरं मोजायची. हे झाड २२, तो ओंडका ३५, ते कुंपण ४८. आपल्या पल्ल्याची हद्द आधी ठरली की टर्की आल्यावर हिशोब करावा लागत नाही, छातीत धडधडत असताना अंतर नेहमी कमी वाटतं, उघड्या शेतात तर फारच. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, गॉब्लरचं डोकं त्याच रंगांचं असतं आणि दुसरा शिकारी फसतो. टर्कीचा आवाज आला म्हणून त्याच्या दिशेने दबकत जाऊ नका, तो आवाज माणसाचाही असू शकतो. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला.

गॉब्लर येतो तेव्हा बऱ्याचदा पिसारा फुलवून येतो आणि तेव्हा मान आत ओढलेली असते, डोकं पिसांत रुतलेलं. त्या वेळी झाडायचं नाही. थांबा, कॉलवर (टर्कीचा आवाज काढायचं साधन) एक-दोन ठळक क्लक, म्हणजे तुटक आवाज, करा, तो पिसारा मिटून मान उंच करून बघेल, तेव्हा नेम मानेच्या मधोमध, जिथे लाल गाठी संपून पिसं सुरू होतात त्याच्या जरा वर. डोक्याच्या शेंड्यावर धरला तर अर्धे छर्रे वरून जातात. स्प्रिंगमध्ये बहुतेक राज्यांत दाढीवालाच पक्षी मारता येतो, म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारखा झुपका, तो दिसल्याशिवाय सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) काढू नका. मागे-बाजूला दुसरा पक्षी असेल तर तो सरकेपर्यंत थांबा, पॅटर्न एका पक्ष्यावर थांबत नाही. उडणाऱ्यावर नाही, पळणाऱ्यावर नाही, पाठ फिरवून चाललेल्यावर नाही, झुडपातून नाही. दिवस रिकामा गेला तर जाऊ दे.

बार झाला की लगेच पुढचं काडतूस चेंबरमध्ये घ्या आणि नजर पक्ष्यावरून हलवू नका. पडून पंख फडफडवत असेल तर ते मेल्यानंतरचंही असतं, पण डोकं उचलत असेल, उभा राहू बघत असेल, तर क्षणाचा विचार न करता दुसरा बार डोक्यावर. मग सेफ्टी लावून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून भरभर चालत जायचं, धावायचं नाही, आणि मानेवर पाय द्यायचा, नखांपासून सांभाळून, नराच्या पायाला धारदार आऱ्या असतात. मग लगेच टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला लावायची परवान्याची चिठ्ठी, बऱ्याच राज्यांत जागेवरून हलवायच्या आधी लावावा लागतो, आणि त्याच दिवशी ॲपवर किंवा फोनवर नोंद.

उठून पळाला किंवा उडाला तर शेवटचा कुठे दिसला ती खूण डोळ्यांनी पक्की धरा, बार झाला त्या जागेवर टोपी ठेवा आणि शोधायला लागा. पिसं, रक्त, उकरलेली पानं. पडलेल्या झाडांच्या खाली, ओढ्याच्या काठच्या दाट झाडीत, कुंपणाच्या कडेला, जखमी टर्की अशा जागी दबून बसतो. कुंपणापलीकडे दुसऱ्याची जमीन असेल तर आधी मालकाला विचारा. मिळाला नाही तरी कायदा काहीही म्हणो, मी तो माझ्या टॅगमधला धरतो आणि तुम्हीही धरावा. आणि घरी येऊन ते पॅटर्नचे कागद परत काढा, कुठल्या अंतरावर झाडलं ते पावलं टाकून मोजलेलं असेल तर त्या अंतराच्या कागदाशेजारी लिहा, म्हणजे पुढच्या वेळी हद्द पाच यार्ड अलीकडे आणायची का ते ठरवता येईल.